जपानचा रेल पास वसूल होतो का? ठाण्याच्या तिकीट खिडकीवरून एक कौल

जपानचा सगळ्या देशात चालणारा सात दिवसांचा रेल पास आम्ही गेलो तेव्हा 50,000 येनला होता, म्हणजे साधारण 28 ते 30 हजार रुपये. ऑक्टोबर 2023 पर्यंत हाच पास 29,650 येनला मिळायचा. आमच्या खिडकीवर लोकलच्या पासाचा दर एका रात्रीत असा वाढवला असता, तर काच शाबूत राहिली नसती.

मी मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होते आणि नोकरीचा मोठा काळ ठाणे स्टेशनवर काढला. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी भाड्याचा तक्ता वाचते, डोंगर नंतर बघते. गेल्या शरदात मी आणि नेरूळच्या आमच्या विहीणबाई पानगळीचे रंग बघायला जपानला जाऊन आलो. भाऊबीज आटोपली आणि निघालो. आमचे हे गुडघ्यांचं कारण सांगून घरी राहिले. ठाण्यातल्या एका टूरवाल्याने पॅकेजमध्ये पास घालून दिला होता आणि वर "पासशिवाय जपान परवडतच नाही" असं ऐकवलं होतं. मी त्याच्याच कागदाच्या मागे बेरीज केली.

टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं आरक्षित तिकीट साधारण 14,000 येन. जाऊन-येऊन 28,000. पास 50,000. हिशोब संपला. बहुतेक लोक एवढंच फिरतात, त्यांनी पासच्या वाटेला जाऊ नये. आमची यादी लांब होती: टोकियोहून उत्तरेला ऐझू, तिथून तादामी या डोंगरातल्या रेल्वेमार्गाने कोइदे, परत टोकियो, मग नागोया, ताकायामा, क्योटो आणि ओसाकाहून विमान. ही बेरीज जवळजवळ पासाच्या किमतीला टेकत होती, पण सगळं सात दिवसांत कोंबलं तरच. म्हणजे पास वसूल करायला रोज गाडीत बसायचं आणि पानगळ खिडकीतूनच बघायची. त्यात सगळ्यात जलद गाडी, नोझोमी, पासावर फुकट नाही. टोकियो ते क्योटो तिच्यासाठी वेगळे जवळपास 5,000 येन मोजावे लागतात. हिकारी आणि कोदामा या तिच्याहून हळू गाड्या चालतात. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही म्हणाल तसं. तिकिटं तुमच्या खात्यातली, फोटो माझ्या." आम्ही सुटी तिकिटं काढली.

आणि त्या तिकिटांनीच मला जिंकलं. जपानमध्ये लांबच्या गाडीला एक मूळ भाडं असतं आणि जलद गाडीचं वेगळं तिकीट. आपल्याकडे सुपरफास्टचा अधिभार एकाच तिकिटात छापतात, तिथे बहुधा दोन वेगळे कागद हातात येतात. दोन्ही एकत्र फाटकाच्या फटीत सरकवायचे. ते यंत्र दोन्ही गिळतं, वाचतं आणि पलीकडे एकावर एक नीट ठेवून परत देतं. मी मागे वळून दुसऱ्यांचंही बघत उभी राहिले, तेव्हा विहीणबाईंनी दंडाला धरून पुढे ओढलं.

याहून मोठी गोष्ट फाटकाच्या आत आहे. कमी अंतराचं तिकीट काढलं आणि पुढच्या स्टेशनावर उतरलात, तर बाहेर पडण्याआधी एक यंत्र असतं. तिकीट घाला, फरक दाखवतं, तेवढे येन भरा, चला. दंड नाही, टीसी नाही, "मॅडम, बाजूला या" नाही. आपल्याकडे विनातिकीट सापडलात तर कमीत कमी 250 रुपये दंड आणि वर भाडं, आणि पुढे जाऊन उतरलेला माणूसही बहुतेक वेळा त्याच तराजूत बसतो. जपानी रेल्वेने गृहीत धरलंय की प्रवाशाचा बेत बदलू शकतो. इतकी वर्षं खिडकीवर बसून मला हे गृहीतक जमलं असतं का, माहीत नाही. पण प्रवासी म्हणून फार बरं वाटलं.

मधे उतरायची सवलतही तशीच. आपल्याकडे ब्रेक जर्नीसाठी तिकीट 500 किलोमीटरहून लांबचं लागतं. तिथे मूळ भाड्याचं कागदी तिकीट 100 किलोमीटरच्या वरचं असलं की वाटेत उतरून पुढे जाता येतं. मोठ्या शहरांच्या उपनगरी हद्दीत मात्र हा नियम लागू नाही.

बुलेट ट्रेनबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात आटोपते. टोकियो ते शिन-ओसाका हा तोकाइदो मार्ग 515 किलोमीटर, सुरुवात 1 ऑक्टोबर 1964, आता वेग ताशी 285 पर्यंत. आम्ही गेलो तेव्हा गर्दीच्या तासाला एका दिशेने बारापर्यंत नोझोमी सुटत होत्या, म्हणजे वारंवारिता आपल्या लोकलची. आपल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी 508 किलोमीटर, तंत्रही हेच, आणि ठाण्याचं स्टेशन म्हातार्डीला. ते सुरू झालं की घराजवळून बसू. तोवर एक गंमत सांगते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला आली, जपानची पहिली रेल्वे 1872 ला शिम्बाशीहून योकोहामाला गेली. हे मी तिथे एका स्टेशनमास्तरला हातवारे करून सांगितलं. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. कळलं की नाही, देव जाणे.

डब्यात फोनवर बोलायचं नसतं, दोन डब्यांमधल्या जागेत जायचं. नातवाचा व्हिडिओ कॉल आला आणि विहीणबाई "अरे बाळा" म्हणेपर्यंत पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. त्यानंतर त्यांनी सगळी माया दरवाजापाशी उभं राहून केली. खाण्याची गाडी आता तोकाइदो मार्गाच्या साध्या डब्यांत फिरत नाही, ऑक्टोबर 2023 नंतर ती बंद झाली. दगडासारखं घट्ट आइस्क्रीम मात्र फलाटावरच्या यंत्रात मिळतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, तो तादामी मार्ग. ऐझू-वाकामात्सु ते कोइदे, 135 किलोमीटर, डिझेलचे बहुधा दोन डबे, आणि शेवटापर्यंत थेट जाणाऱ्या गाड्या दिवसातून मोजून तीन. सकाळी सहाच्या सुमाराची चुकली की पुढची थेट गाडी दुपारी एकनंतर. आरक्षण नाही. आम्ही गेलो तेव्हा 3 नोव्हेंबरच्या सरकारी सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला होता, म्हणजे अर्धं जपान कॅमेरा घेऊन हजर. अंधारात फलाटावर रांग लागलेली. ठाण्याच्या फलाटावर सकाळची फास्ट पकडलेल्या बाईला जागा कशी धरायची हे शिकवावं लागत नाही, पण तिथे रांग मोडायची नसते, त्यामुळे माझं कौशल्य वाया गेलं. तरी खिडक्या मिळाल्या. आपण आधी पोचलो होतो, एवढंच.

पहिला अर्धा तास भाताची कापलेली शेतं. मग दरी सुरू होते आणि गाडी नदीला इकडून तिकडे ओलांडत राहते. तादामी नदीवर वीज प्रकल्पांची धरणं आहेत, त्यामुळे पाणी वाहतं कमी, थांबलेलं जास्त. डोंगरावरचा तांबडा, नारिंगी आणि हळदी पिवळा रंग त्या हिरव्या पाण्यात उलटा उतरतो. पहाटेचं धुकं उठत असेल तर पाणी कुठे संपतं आणि झाडं कुठे सुरू होतात ते कळत नाही. जपानची पानगळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच लाल रंग येतो, इथे एका डोंगरावर वेगवेगळ्या जातींची झाडं वेगवेगळ्या दिवशी रंग पालटत होती. जो प्रसिद्ध फोटो सगळीकडे दिसतो, कमानीच्या पुलावर छोटी गाडी, तो मात्र गाडीत बसून दिसत नाही. त्यासाठी मिशिमा गावाजवळच्या टेकडीवर चढावं लागतं. आम्ही फोटोच्या आतले प्रवासी होतो. तिकडून कुणी हात हलवत होतं. गावातली माणसंही हलवतात, शेतात वाकलेली म्हातारी माणसं कंबर सरळ करून.

या मार्गाची कहाणी रेल्वेवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. जुलै 2011 च्या पुरात पूल वाहून गेले आणि मधला तुकडा बंद पडला. इतक्या तुरळक गाड्या असलेला मार्ग परत बांधायचा कुणी, यावर वर्षं गेली. शेवटी फुकुशिमा प्रांताने त्या तुकड्याचे रूळ, पूल, सगळं आपल्या मालकीचं करून घेतलं, देखभालीचा खर्च गावांसोबत वाटून उचलला आणि गाड्या चालवायचं काम जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीकडे ठेवलं. 1 ऑक्टोबर 2022 ला पुन्हा पूर्ण मार्ग सुरू झाला. तिकिटाच्या उत्पन्नावर हे कधीच सुटणार नाही. आमच्या खात्यातल्या कुणाही लेखापालाने ही फाइल पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. विहीणबाईंचा उपास. आदल्या संध्याकाळी वाकामात्सुच्या दुकानात गरम दगडांवर भाजलेली रताळी मिळाली, शरदात ती जपानभर मिळतात. थंड झाली तरी आतून मधासारखी. डब्यात बसून त्यांनी रताळी खाल्ली, मी लाडू. तादामी स्टेशन मागे पडलं की गाडी सहा किलोमीटरहून लांब बोगद्यात शिरते. तेवढा वेळ त्यांनी हरिपाठ म्हटला, अर्थात मनातल्या मनात. आवाज करायचा नसतो, हे आता पाठ झालं होतं.

शाकाहाराचं सांगून टाकते, कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. स्टेशनवरचे जेवणाचे डबे दिसायला देखणे, पण भाजी म्हणून दिलेल्या तुकड्यातही माशाच्या पाण्याचा अंश असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी त्या डब्यांच्या नादी लागू नये. आंबट आलुबुखाऱ्याचं लोणचं भरलेले भाताचे गोळे, फळं, पाव, रताळी आणि घरून नेलेलं मेतकूट यावर आमचं चाललं. खाल्ल्यावर कचरा कुठे टाकायचा हा दुसरा प्रश्न. डबे शोधत फिरू नका, पिशवी ठेवा.

सामानही डोकेदुखी. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बॅगेला तोकाइदो बुलेटमध्ये ठराविक मागच्या सीटचं आरक्षण लागतं. पैसे लागत नाहीत, पण आधी करावं लागतं, नाहीतर 1,000 येन. शिवाय छोट्या स्टेशनांवर लिफ्टचा भरवसा नाही, जिने आहेत. आम्ही मोठ्या बॅगा काळ्या मांजराच्या चित्राच्या कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवल्या. या सेवेला माझे पैकीच्या पैकी गुण.

ताकायामाला जाणारी हिदा गाडी मला दोन कारणांनी आवडली. नागोयाहून निघताना सगळ्या सीट उलट्या तोंडाच्या असतात, लोक बावचळतात. गिफूला गाडी दिशा बदलते आणि सगळे सरळ होतात. तेवढ्या वीस मिनिटांसाठी सीट फिरवत बसू नका. आणि नवी गाडी डिझेल इंजिनाने वीज तयार करून मोटारींवर चालते, त्यामुळे चढावर पूर्वीच्या डिझेलसारखी घरघर नाही. हिदा नदीची दरी सुंदर आहे, पण तादामीनंतर माझे डोळे लाडावले होते.

क्योटोत आमची थोडी निराशा झाली, आणि त्यात रेल्वेचा दोष नाही. रंग उत्तरेकडून आणि डोंगरावरून खाली उतरत येतो. तादामीला नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऐन भर असेल, तर क्योटोत नोव्हेंबरचा उत्तरार्ध उजाडावा लागतो. एका फेरीत दोन्ही पूर्ण भरात बघायचं म्हणाल तर मधे भरपूर दिवस हवेत. तोफुकु-जी मंदिराला क्योटो स्टेशनहून जेआरने एकच स्टेशन, बसच्या गर्दीत चेंगरू नका. सागानोची उघडी छोटी गाडी 25 मिनिटांची, गोड आहे, पण तिच्यासाठी रांगेत अर्धा दिवस घालवण्याइतकी नाही. एइझान रेल्वेचा मेपलच्या झाडांचा बोगदा आम्ही हिरवाच पाहिला.

आणखी एक कटकट. सुइका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, सगळीकडे चालतं असं लोक सांगतात. शहरांत चालतं. पण एका कंपनीच्या हद्दीत आत शिरून दुसरीच्या हद्दीत बाहेर पडायला गेलात तर फाटक अडतं, आणि गावाकडच्या बऱ्याच स्टेशनांवर कार्ड वाचायचं यंत्रच नाही. अशा मार्गांवर सुटे येन जवळ ठेवा. चढताना दाराजवळच्या यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची, उतरताना चालकाशेजारच्या पेटीत भाडं टाकायचं. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. हे न कळल्याने आमच्या पुढे एक परदेशी जोडपं बंद दारासमोर शांतपणे उभं होतं, विहीणबाईंनी मागून हात घालून बटण दाबलं.

ज्यांना नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योटोच करायचंय त्यांच्यासाठी: बुलेट ट्रेनचं तिकीट खिडकीवरचं आरक्षण बरोबर एक महिना आधी, जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. आपल्या साठ दिवसांची सवय असेल तर उगाच आधीपासून ताटकळू नका. टोकियोहून जाताना दोन सीटच्या बाजूची खिडकी, ई क्रमांकाची मागा, फुजी तिकडे येतो. ढग असतील तर त्याचे पैसे परत मिळत नाहीत.