अनुदान, कर्जबदल, विमा की गंगाजळी? लहान बेटराष्ट्राने आधी कशावर सही करावी

लहान बेटराष्ट्राच्या अर्थखात्यात मोजकी माणसं असतात आणि त्यांच्या टेबलावर मदतीचे प्रस्ताव ढिगाने येतात. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अशी ३९ राष्ट्रं आहेत. १९९४ मध्ये बार्बाडोस, २००५ मध्ये मॉरिशस, २०१४ मध्ये सामोआ आणि २०२४ मध्ये अँटिग्वा अशा चार परिषदा त्यांच्यासाठी झाल्या, आणि प्रत्येकीतून शाश्वत विकासाचा एक कार्यक्रम निघाला. पण प्रस्तावांचा ढीग घेऊन बसलेल्या अधिकाऱ्यापुढचा प्रश्न त्याने सुटत नाही. माणसं कमी, वेळ कमी, तेव्हा आधी कोणता कागद हातात घ्यायचा?

मी तीन गोष्टी बघतो. पैसा हातात कधी पडतो, तो कुठे लावायचा हे कोण ठरवतं आणि काम संपल्यावर बेटावर काय उरतं. रक्कम किती, हे त्यानंतर.

अनुदानापासून सुरुवात करू. दक्षिण कोरियातल्या सोंगडो इथल्या हरित हवामान निधीने २०१६ मध्ये तुवालूला किनारा वाचवण्यासाठी ३.६ कोटी डॉलर मंजूर केले. तुवालूच्या राजधानीच्या बेटावर, फुनाफुटीवर, खाऱ्या पाण्याचा त्रास फक्त किनाऱ्यावरून येणाऱ्या लाटांचा नाही. प्रवाळाची जमीन सच्छिद्र असते, त्यामुळे मोठ्या भरतीला पाणी खालूनच पाझरतं आणि घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत तळं साचतं. नुसती भिंत बांधून ते थांबत नाही, उंची लागते. म्हणून खाजणातली वाळू उपसून सुमारे ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी उंच पट्टी तयार केली. ७.३ हेक्टर नवी जमीन, आणि तीही अकरा हजारांच्या आसपास वस्तीच्या देशाला! मालदीवमध्ये १९८७ च्या लाटांनी राजधानी मालेत पाणी शिरल्यावर जपानने अनुदानातून शहराभोवती तट बांधून दिला, आणि २००४ च्या त्सुनामीत त्या तटाने शहराला मोठा आधार दिला.

अशा भरावातून किंवा तटातून एक पैसा उत्पन्न येत नाही, म्हणून ही कामं कर्ज काढून करूच नयेत असं माझं ठाम मत आहे. पण अनुदानाची किंमत वेळेत मोजावी लागते. तुवालूत मंजुरीपासून जमीन उभी राहीपर्यंत सात वर्षं गेली. पैसाही थेट सरकारच्या हातात आला नाही, तो संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत खर्च झाला.

दुसरी अडचण दरडोई उत्पन्नाची. पर्यटनामुळे ते कागदावर जास्त दिसतं, आणि तेवढ्यावरून श्रीमंत देशांच्या अधिकृत विकास मदतीच्या यादीतून सेशेल्स २०१८ मध्ये आणि अँटिग्वा व बार्बुडा २०२२ मध्ये बाहेर पडले. हे मला अन्यायाचं वाटतं. डॉमिनिकात २०१७ मध्ये मारिया वादळाने वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के नुकसान केलं. सरासरी उत्पन्न बघून असा धोका कसा कळणार? जोखीम मोजणारा वेगळा निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीकारला खरा, पण तो वापरायचं बंधन कर्ज देणाऱ्यांवर नाही.

कर्जबदल म्हणजे जुनं कर्ज सवलतीत फेडून त्याच्या जागी निसर्ग वाचवण्याच्या अटीवर नवी परतफेड ठरवणं. त्याची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. सेशेल्सने २०१५-१६ मध्ये सुमारे २.१६ कोटी डॉलरचं जुनं कर्ज एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या मदतीने वळवलं. त्याचे हप्ते आता देशातल्याच एका न्यासाकडे जातात. बदल्यात २०२० पर्यंत त्यांनी ३० टक्के समुद्र, म्हणजे जवळपास ४.१ लाख चौरस किलोमीटर, संरक्षित केला. बेलीझ (मुख्य भूमीवरचा देश, पण या गटात धरला जातो) २०२१ मध्ये मोठ्या व्यवहारात उतरला. ५५.३ कोटी डॉलरचे कर्जरोखे डॉलरमागे ५५ सेंट देऊन परत घेतले, त्यासाठी ३६.४ कोटींचं नवं कर्ज उभारलं आणि कर्जाचा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२ टक्क्यांनी उतरवला.

बेलीझचा फायदा मुख्यतः त्या ५५ सेंटांत आहे. रोखे बाजारात पडेल भावात मिळत होते म्हणून सौदा जमला. तुमचे रोखे पूर्ण भावाच्या जवळ असतील, तर बँकांचं आणि वकिलांचं शुल्क जाऊन हातात फारसं उरणार नाही. तेव्हा नुसतं समुद्र वाचवण्यासाठी इतका गुंतागुंतीचा करार करू नका, त्यापेक्षा सरळ अनुदान मागा. शिवाय संरक्षणाची वचनं पुढच्या अनेक सरकारांना बांधतात. मासेमारीची कोणती जागा बंद होणार, हे मच्छीमारांशी बोलून ठरल्याशिवाय सही करू नये.

विमा वेगळ्या कामाचा. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एकत्र विमा निधी काढला. पाहणीला कोणी येत नाही. वारा, पाऊस, भूकंप यांची तीव्रता मोजून सूत्राने रक्कम ठरते आणि चौदा दिवसांत मिळते. मारियानंतर डॉमिनिकाला सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. नुकसान होतं १३० कोटींच्या घरातलं. म्हणजे हा पैसा पुनर्बांधणीचा नाही. पहिल्या पंधरवड्यात पगार द्यायला, रस्ते मोकळे करायला, दवाखाने चालू ठेवायला आहे, आणि त्यासाठी तो मोलाचा आहे. सूत्र चुकलं तर मात्र हात रिकामे राहतात. पॅसिफिकमध्येही अशीच एक विमा योजना होती. २०१४ मध्ये तिच्यातल्या सॉलोमन बेटांच्या राजधानीत, होनिआरात, महापूर आला. पाऊस आणणारा पट्टा चक्रीवादळाच्या व्याख्येत बसला नाही, म्हणून काहीच मिळालं नाही, आणि देश योजनेतून बाहेर पडला.

राहिली गंगाजळी. तुवालूने १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या मदतीने सुमारे २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा न्यास उभा केला. महागाईइतकी वाढ मुद्दलात राहते, त्यावरचा नफा दुसऱ्या खात्यात जातो आणि सरकार त्या दुसऱ्या खात्यातून पैसे काढतं. मुद्दलाला हात नाही. शेजारच्या नाऊरूकडे फॉस्फेटचा याहून कितीतरी मोठा पैसा होता, पण खर्चावर लगाम नव्हता. मेलबर्नमधली त्यांची उंच इमारत २००४ मध्ये विकावी लागली.

माझ्या तीनही प्रश्नांना चांगलं उत्तर गंगाजळीच देते, म्हणून देणगीदार एकदाच मोठी रक्कम द्यायला तयार असेल तर मी प्रकल्पाऐवजी न्यासाचा आग्रह धरेन. तट आणि भराव अनुदानातून, विमा पहिल्या पंधरवड्यापुरता, कर्जबदल फक्त रोखे स्वस्त असताना. आणि कोणतंही नवं कर्ज घेताना आपत्तीत हप्ते थांबवण्याचं कलम हवंच. २०२४ मध्ये बेरिल वादळाने कारियाकू बेट उद्ध्वस्त केल्यावर ग्रेनाडाने रोख्यांतल्या याच कलमाचा आधार घेतला.

कलमाचा मसुदा करताना एक गोष्ट तपासा. ग्रेनाडाच्या कलमाचं मोजमाप त्याच कॅरिबियन विमा निधीच्या हिशोबाला जोडलेलं आहे. सूत्राने आपत्ती ओळखली नाही तर भरपाईही नाही आणि हप्त्यालाही सूट नाही, दोन्ही आधार एकाच दिवशी जातात. म्हणून पूर आणि अतिवृष्टीसाठी कलमात दुसरं, स्वतंत्र मोजमाप लिहून घ्या, आणि ते वाटाघाटीच्या पहिल्याच बैठकीत मांडा.