गावचे वाचनालय आणि एक कात्रणांची फाईल

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची 20 रुपये मासिक वर्गणी मला एकाच वस्तूमुळे वसूल झाल्यासारखी वाटते, ती म्हणजे भारत-पाकिस्तान वाटाघाटींच्या कात्रणांची, पोत्याच्या सुतळीने बांधलेली जाड फाईल. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि काही महिन्यांतच कारगिल घडले, ही पाने वाचताना शत्रूशी बोलणे भाबडेपणाचे वाटू लागते. परंतु याच फाईलमध्ये 1988 च्या कराराची हकिगत आहे, ज्यानुसार दोन्ही देश 1992 पासून दर 1 जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, आणि कारगिलनंतरही हा क्रम मोडलेला नाही. सरकारांनी निदान एवढे तरी बोलत राहावे, असे माझे मत झाले. धुऱ्यावरून कोर्टात गेलेले शेजारीही पाण्याची पाळी ठरवण्यापुरते बोलतातच.

उणिवा आहेत. अनेक कात्रणांवर तारीख नाही आणि 1960 च्या सिंधू करारावरील लेख वाळवीने निम्मा खाल्ला आहे. शिवाय वाचनालय संध्याकाळी सहाला बंद होते, म्हणजे वेचणीच्या दिवसांत माणसे शेतातून परततात नेमके तेव्हाच. फाईल घरी नेण्यास ग्रंथपालांनी साफ नकार दिला.