बारशाचा बोर्ड छान, नावांची यादी मात्र बेकार (५ पैकी २ स्टार)

मागच्या महिन्यात भाच्याचं बारसं झालं. ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक दुकान आहे, जन्मपत्रिका, नावांची यादी आणि पाळण्यामागे लावायचा बोर्ड असं सगळं एकत्र करून देतात, अकराशे रुपयांत, तिथे मी गेले होते. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माणसं वाईट नाहीत, पण यादीबद्दल बोलायलाच हवं.

पत्रिका वेळेत मिळाली. बाळ उत्तरा फाल्गुनी नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावरचं, म्हणजे नावाचं पहिलं अक्षर 'पा'. मग तीस नावांची यादी आली, त्यात 'पा'वरून जेमतेम सहा-सात, बाकी आरव, विवान, रेयांश हीच, आमच्या सोसायटीत खाली उभं राहून आरव म्हणून हाक मारली की तीन पोरं वळून बघतात. आणि अर्थ! आरव म्हणजे म्हणे 'शांत'. अहो रव म्हणजे आवाज, पाखरांचा कलरव म्हणतो ना आपण, मग आरव शांत कसा? नाव गोडच आहे, अर्थ उलटा लिहिलाय. रेयांशसमोर 'सूर्यकिरणाचा अंश', आता यातला 'रे' इंग्रजीतला, संस्कृतात कुठून आला? पार्थसमोर नुसतं 'राजा'. पार्थ म्हणजे पृथेचा मुलगा, पृथा म्हणजे कुंती. आईच्या नावावरून मुलाला मारलेली हाक आहे ती, एवढी सुंदर गोष्ट आणि तीच गायब.

शेजारी एक जोडपं बसलं होतं, त्यांच्या यादीत मिलिंद, अर्थ फक्त 'भुंगा'. तो अर्थ आहेच, पण बौद्ध भिक्खू भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, पालीत त्याचं नाव मिलिंद, बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला तेच नाव दिलं. कितीतरी घरांत मिलिंद ठेवतात ते यासाठी, भुंग्यासाठी नाही.

माझ्या डोक्यात 'पा' म्हटल्यावर पहिलं आलं ते पांडुरंग, आमच्या आजोबांचं नाव. यादीत नव्हतं. विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, आता कोण ठेवतं, शाळेत पांडू पांडू करून चिडवतील." ती खोटं बोलत नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. हवालदार म्हटला की पांडू, घरातला गडी रामा, ऑफिसातला शिपाई गणपत. सगळी देवाची नावं, आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांना अरे-तुरे करायला वापरून वापरून आपणच ती हलकी केली.

आजोबा वागळे इस्टेटला कारखान्यात होते, तिथे सगळे त्यांना पांडूच म्हणायचे. पण त्यांच्या डब्याच्या झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव पूर्ण आहे, पांडुरंग. तो डबा अजून आमच्याकडे आहे, घासून घासून 'रं'वरचा अनुस्वार जवळजवळ गेलाय.

आणि हे नाव कोणाकोणाचं होतं बघा ना. साने गुरुजी, पांडुरंग सदाशिव. मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट, पांडुरंग महादेव. १९६३ साली भारतरत्न मिळालेले महामहोपाध्याय काणे, पांडुरंग वामन. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, म्हणजे पांडुरंगाच्या दारात पांडुरंगच उपाशी बसला होता. हे त्या यादीत एका ओळीत लिहिलं असतं तर किती आईबाप परत विचार करतील!

दादा-वहिनींनी दाखल्यावर पार्थ लावलं, ते त्यांचं मत, मला मान्य आहे. पाळण्यातलं नाव ठेवायचा मान आत्याचा, मी कुर्रर्र करून कानात पांडुरंगच सांगितलं. वहिनीच्या आईंचे डोळे भरून आले, त्यांच्या भावाचंही तेच नाव होतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

बोर्डचं काम मात्र खरंच सुबक, लाकडी, कडेला पाळणा कोरलेला, दोन्ही नावं छान बसवून दिली. आदल्या दिवशी आणायला गेले तर 'पांडूरंग' असा दीर्घ डू केलेला, दाखवल्यावर कुरकुर न करता तासाभरात बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. दोन स्टार बोर्डचे आणि त्या बदलून देण्याचे. नुसता बोर्ड हवा असेल तर जा, नाव कागदावर नीट लिहून न्या आणि तयार झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ तिथेच उभं राहून तपासा.