अभ्यासिकेतले नऊ थिन क्लायंट: आठ महिने वापरल्यावर

लालबागच्या आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत जूनपासून नऊ मशीन एका सर्व्हरवर चालताहेत. सगळी जुन्या कोर टू ड्युओ प्रोसेसरची, ४ जीबी रॅमची. हार्ड डिस्क एकाचीही धड नाही. भंगारात निघाली होती. नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर हे उभं केलं.

काम नेमकं कुठे होतं ते आधी समजून घ्या, मी तिथेच चुकलो. खऱ्या थिन क्लायंटमध्ये समोरचं मशीन फक्त स्क्रीन दाखवतं, प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. पहिले दोन आठवडे एक्सआरडीपी (दूरच्या मशीनचा डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम) लावून तसंच केलं. फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं व्यवस्थित. पण संध्याकाळी नऊही जणांनी ब्राउझर उघडले की सर्व्हरची १६ जीबी रॅम संपायची, लेक्चरच्या व्हिडिओत आवाज मागे पडायचा. मग एलटीएसपी (एका सर्व्हरवरून अनेक मशीन बूट करणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) घेतलं. २०१९ मध्ये ते नव्याने लिहिलं गेलं. त्यात मशीन नेटवर्कवरून बूट होतं, सिस्टिमची इमेज (अख्ख्या सिस्टिमची तयार प्रत) सर्व्हरवरून घेतं, पण प्रोग्रॅम स्वतःच्याच प्रोसेसरवर चालवतं. जुन्या मशीनमध्ये थोडी धुगधुगी असेल तर हेच करा.

बूट करताना ‘पीएक्सई-ई५३’ हा नेटवर्क बूटचा एरर दिसला तर घाबरू नका. राउटरने आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) दिलाय, बूट फाइलचं नाव कोणी सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवा, म्हणजे आयपी राउटरच देतो, बूट फाइलचं नाव तेवढं हा सांगतो. राउटरची सेटिंग बदलावी लागत नाही.

सगळ्यात जास्त रडवलं ते वायरने. सकाळी नऊ मशीन एकदम चालू केली की डेस्कटॉप यायला पाच-सहा मिनिटं. लॅमिंग्टन रोडवरून सगळी मशीन जोडणारा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचा) स्विच आणला, तरी तेच. शेवटी सर्व्हरवर ईथटूल (नेटवर्क जोडणीचा वेग दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं, तर वेग १०० मेगाबिट! गिगाबिटला वायरच्या चारही जोड्या लागतात. आमच्या खिडकीजवळच्या प्लगमधली तपकिरी वायर पिनेला टेकतच नव्हती. प्लग कापून नवा क्रिंप केला, वेळ दीड मिनिटावर आला. नवा स्विच घेण्याआधी वायर तपासायला हवी होती.

मुलांना आवडलेली गोष्ट म्हणजे कुठल्याही टेबलावर बसा, लॉगिन केलं की आपल्या फाइल समोर. मला आवडलेली, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सर्व्हरवर एकदाच टाकला, इमेज पुन्हा बनवली, सगळी मशीन रीस्टार्ट केली. नऊ ठिकाणी बसून करावं लागलं नाही.

पण सर्व्हर बसला की सगळी अभ्यासिका बसते. जुलैत लाइट गेली आणि एक मुलगी अर्ध्या भरलेल्या अर्जासमोर हताश बसली होती, तो चेहरा अजून आठवतो. दुसऱ्याच आठवड्यात सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर घेतले, मुलांच्या फाइलींचा रात्रीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर सुरू केला. यूपीएसवर राउटर लावायचा मात्र राहिलाय. तो या रविवारी लावतोय.