३७७ लिहिलेला खण

तेन्चोंनी, म्हणजे जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या मालकांनी, पहिल्या दिवशी माझ्या गाडीला पाना लावलाच नाही. गाडी चालू करायला सांगितली, समोर उकिडवे बसले आणि कपातल्या गार चहात बोट बुडवून चारही एक्झॉस्ट पाइपांवर एकेक थेंब टाकला. पहिल्या आणि चौथ्या पाइपवर थेंब चर्र करून उडाला. दुसऱ्या-तिसऱ्यावर नुसताच ओघळला.

"मधले दोन झोपलेत. कार्ब्युरेटर नाही, विजेचं आहे."

मी तिथे पोचले ती दुसऱ्या एका गॅरेजचा अंदाजपत्रकाचा कागद खिशात घालून. गाडी सकाळी थंड असताना अडखळायची आणि चढावर मिसिंग मारायची. त्या गॅरेजचं म्हणणं होतं की चारही कार्ब्युरेटर बदला, दीड लाख येन होतील. तो कागद मी तेन्चोंना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला, त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

विजेचं हे त्यांना कशावरून कळलं? माझ्या गाडीत चार सिलिंडरना मिळून कॉइल दोनच आहेत. एक पहिल्या-चौथ्याला ठिणगी देते, दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला. प्रत्येक कॉइलचा पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या क्षणी वीज तोडणारा संपर्क, वेगळा आणि त्या संपर्काला जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर वेगळा. कार्ब्युरेटर मात्र चार आहेत, प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र. कार्ब्युरेटर बिघडला असता तर एखादा सिलिंडर रुसला असता. नेमके मधले दोन एकदम थंड राहतात, म्हणजे दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं. झाकण उघडलं तर त्या बाजूचा पॉइंट जळून खड्डा पडलेला आणि फट जवळजवळ मिटलेली. ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर हवी. पॉइंट असा जळतो तो बहुतेक वेळा कंडेन्सर गेल्यामुळे, म्हणून दोन्ही बदलले. कर धरून १४,३०० येन. दीड लाखाचा कागद अजून माझ्याकडे आहे.

दुकान जपानमधल्या हामामात्सू शहराच्या उत्तरेला, तेन्र्यू नदीच्या बाजूला आहे. नाव इथे लिहीत नाही, कारण ओकुसाननी, म्हणजे तेन्चोंच्या बायकोने, तशी विनंती केली. दोघंच आहेत, दोघंही सत्तरीत, फोन वाढले तर झेपणार नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याने रविवारी सकाळी हामाना तलावाच्या काठी जुनी गाडी घेऊन उभ्या असलेल्या कुणालाही विचारावं.

माझी गाडी १९७६ ची होंडा सीबी ४०० फोर, इथले लोक तिला 'योनफोर' म्हणतात. ३९८ सीसीची आहे, आणि त्या आकड्यामागे कारण आहे. १९७४ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी आली तेव्हा ती ४०८ सीसीची होती. पुढच्या वर्षी जपानमध्ये परवान्याचे नियम बदलले, मधल्या परवान्याची हद्द ४०० सीसी ठरली आणि आठ सीसीपायी ही गाडी मोठ्या परवान्यात गेली. मग होंडाने स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ५० मिलिमीटरवरून ४८.८ वर आणला आणि १९७६ मध्ये ३९८ सीसीची गाडी काढली. माझा परवाना ४०० पर्यंतचाच आहे, तेव्हा मला हीच चालते. स्ट्रोक बदलला म्हणजे क्रँकशाफ्ट बदलला, आणि बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात. पार्ट विकत घेताना फसायला एवढं पुरेसं आहे.

आत शिरल्यावर आधी रॉकेलचा वास येतो. इथे पार्ट रॉकेलमध्ये धुतात. छताला पेट्रोलच्या टाक्या वर्तमानपत्रात गुंडाळून टांगलेल्या, खाली तीनच गाड्या मावतील एवढी जागा, आणि तिन्ही भिंतींना लाकडी खण. खणांवर गाडीचं नाव नाही, तीन आकडे आहेत: ३००, ३२३, ३३३, ३७७.

हे आकडे मला माहीत नव्हते आणि मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, त्यामुळे जरा लाजच वाटली. होंडाच्या जुन्या पार्ट नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि मधले तीन तो पार्ट मुळात कुठल्या मॉडेलसाठी काढला ते. ३०० म्हणजे १९६९ ची सीबी ७५०. ३२३ म्हणजे ५०० फोर. ३३३ म्हणजे ३५० फोर. ३७७ म्हणजे माझी. पण माझ्या गाडीचं इंजिन ३५० फोरच्या इंजिनातून निघालेलं आहे, त्यामुळे तिच्या कितीतरी पार्टांच्या नंबरात मध्ये ३३३ येतं. ३७७ चा खण रिकामा दिसला म्हणून परत फिरणारा माणूस शेजारच्या खणात पडलेला आपलाच पार्ट सोडून जातो.

हे सगळं कुणाच्या डोक्यात आहे, तर ओकुसानच्या. तेन्चो हाताने काम करतात, हिशेब आणि वही ओकुसानकडे. वही म्हणजे निळ्या पुठ्ठ्याच्या अकरा वह्या. कुठला पार्ट कुठल्या गाडीचा कुठल्या गाडीला बसतो, बसवताना काय घासावं लागलं, कुठला वॉशर जादा घातला, हे त्या चाळीस वर्षं लिहीत आल्या आहेत. मी एकदा फोनवर गिअर शाफ्टच्या ऑइल सीलबद्दल विचारलं. कंपनीकडे तो हाइबान आहे, म्हणजे उत्पादन बंद, हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. ते तीन आकडे वाचून दाखवा." मी वाचले. त्या म्हणाल्या, "हे ठरलेलं माप आहे, बेअरिंगच्या दुकानात मिळेल. आमच्याकडे येऊ नका, आम्ही महाग देऊ."

त्या महिन्यात मला दुकानाचा खरा उपयोग कळला. चाकातल्या बेअरिंगवर ६३०२ असं काही लिहिलेलं असतं, तो होंडाचा नंबर नाही, सगळ्या जगात चालणारं माप आहे. ओ-रिंगचंही तसंच. कंपनीच्या यादीत 'बंद' दिसलं की माणूस गाडी विकायला काढतो, आणि त्या यादीतले कितीतरी पार्ट नावानेच बंद झालेले असतात. खरोखर कुठेच मिळत नाहीत असे थोडे. त्या थोड्यांसाठी ते खण आहेत.

दुसऱ्या खेपेला कार्ब्युरेटर केले. बदलले नाहीत, उघडून साफ केले. मी आधी घरी एक उघडायचा प्रयत्न केला होता आणि खालच्या वाटीच्या दोन स्क्रूंची डोकी खाल्ली होती. तेन्चोंनी माझा स्क्रू ड्रायव्हर मागितला, भिंगातून बघितला आणि बाजूला ठेवला. जपानी गाड्यांचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जपानी मानकाचे असतात, डोक्यावर बहुधा एक बारीक टिंब असतं. बाहेरच्या देशांत मिळणारा नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात वरवर बसतो, पण जोर लावला की निसटून वर येतो आणि खाच खातो. दिसायला दोन्ही सारखे. पन्नास वर्षं इमानाने बसलेला स्क्रू चुकीच्या टोकाने मिनिटभरात खराब होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. जुनी जपानी गाडी जगात कुठेही असो, आधी योग्य टोकाचे स्क्रू ड्रायव्हर घ्या, मग पॉलिशचा डबा.

जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, साफ झाले, कडक झालेल्या ओ-रिंग बदलल्या, कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मधले रबरी जोड नवे घातले. जुने जोड नखाने दाबले तर लाकडासारखे लागत होते, म्हणजे हवा तिथून आत शिरत होती. मग चार व्हॅक्यूम गेज लावून चौघांची ओढ एकसारखी केली. हे काम मी स्टुलावर बसून बघितलं. तेन्चो गेजच्या काट्याकडे बघत नाहीत, आधी कानाने जुळवतात आणि मग काटा तपासतात. दोनदा काटा चुकीचा निघाला: एका गेजची नळी चिरलेली होती. कर धरून ४६,२०० येन.

त्याच वेळी ऑइल फिल्टरचा बोल्टही निघाला. या गाडीचा फिल्टर इंजिनच्या पुढे, एक्झॉस्ट पाइपांच्या मागे आहे आणि त्याच्या लांब बोल्टचं डोकं फारच लहान. कुणीतरी अंदाजाने आवळलेलं असतं, पुढचा माणूस सोडवताना कोपरे गोल करतो. माझा तसाच गोल झालेला. तेन्चोंनी त्यावर मोठं नट वेल्ड करून तो काढला आणि मोठ्या डोक्याचा बोल्ट बसवला. आटे वाचले. ऑइल बदलायला मला आता धास्ती वाटत नाही.

काढलेला प्रत्येक पार्ट परत मिळतो. कागदी पाकीट, वर पेन्सिलीने तारीख, किलोमीटर आणि कारण. "पॉइंट, २–३ बाजू, जळाला." ही पद्धत मला सगळ्यात आवडली, कारण पैसे कशाचे दिले ते हातात धरून बघता येतं.

हामामात्सूत असं दुकान असावं यात नवल नाही. सोइचिरो होंडांनी १९४८ मध्ये कंपनी इथेच काढली. सुझुकीचं ३६ सीसीचं सायकलला लावायचं 'पॉवर फ्री' इंजिन १९५२ चं. यामाहाची पहिली गाडी, १२५ सीसीची वायए-१, १९५५ ची. तिला लोक 'आकातोम्बो' म्हणत, म्हणजे लाल चतुर. त्या काळात या भागात मोटरसायकल करणारे छोटे कारखाने डझनांनी होते आणि बहुतेक सगळे बुडाले. तेन्चोंचे वडील तसल्याच एका कारखान्यात क्रँककेस ओतायचे. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं.

आता जे खटकलं ते. नंबर लागायला तीन महिने लागतात आणि मध्ये कुणी ओळखीचा शाकेनसाठी गाडी घेऊन आला की तुमचं काम मागे जातं. शाकेन म्हणजे २५० सीसीच्या वरच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी द्यावी लागणारी सरकारी तपासणी. तारीख चुकली तर गाडी रस्त्यावर काढता येत नाही, तेव्हा त्यांचं प्राधान्य मला समजतं. तरी दोनदा न कळवता माझं काम आठवडाभर पुढे ढकललं, हे बरोबर नाही. एक फोन करता आला असता. खर्चाचा आकडा आधी सांगत नाहीत, 'उघडल्यावर बघू' एवढंच. पैसे फक्त रोख. क्रोमचं काम बाहेर देतात: माझा मागचा मडगार्ड यायला चार महिने लागले, आणि खालच्या कडेला क्रोम पातळ आहे. तेन्चोंनी ते मान्य केलं, पैसे कमी केले, पण मला पैसे नको होते, कड नीट हवी होती. जपानी येत नसेल तर बोलणारा कुणी सोबत न्या, खुणांवर निभणार नाही.

आणि चकचकीत करून घ्यायची असेल तर इथे जाऊ नका. टाकीचा लाल रंग उडाला आहे, गुडघे टेकतात तिथे पत्रा दिसतो. मी रंगवायचं म्हटलं तर तेन्चोंनी टाकीत टॉर्च मारून आतला गंज दाखवला. "आधी हे." आम्ल घालून दोन दिवस टाकी ठेवली, तिसऱ्या दिवशी आतून राखाडी धातू दिसला. बाहेरचा रंग अजून तसाच आहे. तेव्हा थोडी नाराज झाले होते, पण त्याच पैशांत पेट्रोलचा कॉक आणि पुढच्या ब्रेकचा कॅलिपर झाला आणि मी या वर्षी शाकेनला गाडी स्वतः घेऊन गेले. हेडलाइटचा झोत पहिल्या फेरीत चुकला, बाजूला घेऊन स्क्रू फिरवला, दुसऱ्या फेरीत पास झाली.

आता कॅम चेनचा, म्हणजे इंजिनमधले व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीचा, ताण राहिला आहे. या मॉडेलचा टेन्शनर गंजून अडकतो, मग स्क्रू फिरवला तरी चेन सैलच राहते आणि इंजिनमधून खुळखुळ येते. माझी येते. नंबर फेब्रुवारीत आहे, म्हणजे एन्श्यूचा, या भागाचा, कोरडा वारा ऐन भरात असेल आणि नदीवरच्या पुलावर गाडी आडवी ढकलली जाईल. पण मला चालवत न्यायचीच नाही. त्याच वेळी व्हॉल्व्हची फटही बघायची आहे आणि ती इंजिन पूर्ण थंड असताना मोजतात, या गाडीला ०.०५ मिलिमीटर, आणि दुकानात पोचून ती थंड व्हायची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो. ओकुसाननी सांगितलंय की आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका, सकाळी सात वाजता छोटा ट्रक पाठवते.