कानाच्या मशीनला लावलेला ब्लूटूथ टॅग: एक पावसाळा आणि एक गणेश चवथ वापरल्यानंतर

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने टॅग उघडला, आतला हिरवट डाग दाखवला आणि म्हणाला, "लिक्विड डॅमेज आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही." तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे. गूगलच्या फाइंड हबवर, म्हणजे आसपासच्या अँड्रॉइड फोनांच्या नेटवर्कने हरवलेली वस्तू नकाशावर दाखवणाऱ्या सोयीवर चालणारा, किल्ल्यांना अडकवायचा साधा गोल टॅग आहे. घरात सगळ्यांचे फोन अँड्रॉइड, त्यामुळे ॲपलच्या एअरटॅगचा प्रश्नच नव्हता.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत आयपी67 छापलंय. म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं राहिला तरी आत पाणी जायचं नाही. आमचा टॅग पाण्यात कधी पडलाच नाही. तो सासूबाईंच्या कानाच्या मशीनच्या डबीला लावला होता आणि डबी कपाटाच्या खणात. आता जुलैत डिचोलीत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, हे मी त्याला सांगायला नको होतं. लगेच म्हणाला, "गोव्यातून येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं." मग गोव्यात विकता कशाला, बाबा? "वॉरंटीत नाही" हे कागदावर लिहून द्या म्हटलं तर आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, ईमेल करा. ईमेलला उत्तर नाही. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. तेव्हा कुठे कंपनीचा फोन आला.

पण माझी खरी तक्रार डागाबद्दल नाहीच. टॅगच्या आवाजाबद्दल आहे.

घरात हरवलेली वस्तू शोधताना नकाशा, नेटवर्क, ॲपमधली रंगीत वर्तुळं यांचा काडीचा उपयोग नसतो. टॅगमध्ये जीपीएस नसतं, नकाशावर फार तर आपलं घर दिसतं, आणि वस्तू घरातच आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. अल्ट्रा-वाइडबँडवाले टॅग बाण दाखवून दिशा सांगतात, पण ते महाग, आणि फोनही तसाच लागतो. आमच्यासारख्यांना आवाज हाच काय तो आधार. तो आवाज या टॅगमध्ये एवढा बारीक आणि चिरका ठेवलाय की बनवणाऱ्याने तो बंद खोलीत टेबलावर ठेवूनच तपासला असणार. इथे कौलांवर पाऊस कोसळतोय, परसात रातकिड्यांनी सूर धरलाय आणि त्यात "टीं टीं टीं". एका रात्री मी टॅग समजून रातकिड्याच्या मागे न्हाणीपर्यंत गेले. हसू नका, दोघांचा आवाज खरंच एकाच पट्टीतला आहे.

सासूबाईंना तर तो ऐकूच येत नाही. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि अशा टॅगमधला बझर नेमका उंच पट्टीतच वाजतो. शिवाय त्या मशीन शोधत असतात तेव्हा मशीन कानात नसतं. "वाजतंय गो? मला काय कळत नाही," म्हणतात. म्हणजे ज्यांच्यासाठी घेतला त्यांच्या उपयोगाचा नाही. फोन घेऊन मीच घरभर हिंडायचं.

हिंडावंही लागतंच. जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झवर, ओलावा ते गिळतो, आणि पावसाळ्यात चिरा पाणी धरून बसतो. वसरीत उभं राहिलं तर माजघरापलीकडचा टॅग वाजत नाही. मे महिन्यात वाजत होता. स्टीलच्या डब्यात डबी गेली तर संपलंच, धातूतून सिग्नल बाहेर येत नाही.

गंमत म्हणजे मशीन स्वतःच टॅगपेक्षा चांगलं ओरडतं. बॅटरीचं झाकण उघडायला सासूबाई विसरल्या की मशीन चालूच राहतं, आणि कपड्याच्या घडीत दबलं की स्वतःचाच आवाज माइकमध्ये जाऊन शिट्टी घालतं. एकदा धुतलेल्या लुगड्याच्या घडीतून असंच सापडलं. हजारभर रुपयांचा टॅग त्या वेळी रिकाम्या डबीला चिकटून कपाटात गप्प बसला होता.

इथवर लिहून ठेवलं होतं. चवथीनंतर थोडं बदलावं लागतंय.

चवथीला घर भरलेलं. दीड दिवसाचा गणपती पोचवून पाहुणे पांगले आणि मशीनची डबी गायब. टॅग वाजेना. नकाशावर घरच दिसत होतं, म्हणून आम्ही गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या उतरवलेल्या नारळ-सुपाऱ्यांपर्यंत सगळं उलथंपालथं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडगावहून नणंदेचा फोन. "वहिनी, माझ्या मोबाइलवर काय आलंय बघ, अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत फिरतोय म्हणे. कोणी माझ्यावर पाळत ठेवतंय की काय?" तिच्या नेवऱ्यांच्या पिशवीत, डब्याच्या बाजूला डबी! कोणाच्या तरी पर्समध्ये चोरून टॅग टाकून पाठलाग करू नये म्हणून ॲपल आणि गूगल यांनी 2024 मध्ये मिळून काढलेली ही सोय, तिने आमचं काम केलं. नेटवर्कला मी काडीचा उपयोग नाही म्हटलं होतं. घराबाहेरच्या बाबतीत ते मागे घेते.

आमच्या नकाशावर मडगाव का दिसलं नाही, तेही सांगते. फाइंड हबच्या सेटिंगमध्ये आधीपासून "फक्त गर्दीच्या ठिकाणी" निवडलेलं असतं, म्हणजे बरेच फोन आसपास असतील तरच जागा कळते. तिथे "सगळीकडे" करा. आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, गर्दी फक्त चवथीला होते. आणि हे आपला टॅग दुसऱ्यांच्या फोननी शोधावा यासाठी तर आहेच, दुसऱ्यांचा आपल्या फोनने शोधावा यासाठीही आहे. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर बदला.

बॅटरी सीआर2032, कुठेही मिळते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काहींवर कडू लेप असतो, तशी एक घातली तर टॅग चालूच होईना. लेप संपर्काच्या मध्ये येतो. साधी घातली, चालला. घरात लहान पोर असेल तर मात्र टॅगच्या झाकणाकडे लक्ष ठेवा, ही बॅटरी पोटात जाणं जिवावर बेतू शकतं.

टीव्हीच्या रिमोटला हा टॅग लावू नका. दुहेरी चिकटपट्टी पावसात सुटते. त्यासाठी इकडे बटण दाबलं की वस्तूला लावलेला तुकडा वाजतो असा रेडिओ लहरींवरचा साधा संच घेतलाय, निम्म्याहून कमी पैशांत, फोन लागत नाही, आवाज जाडा. सासूबाई स्वतः दाबतात. त्यातलाच एक तुकडा डबीलाही लावायचा विचार आहे.

कंपनीने परवा बदली टॅग पाठवला. नवीन मॉडेल, खोक्यावर आयपी68. आवाज मात्र आधीपेक्षाही बारीक. जुना परत पाठवायचा कुरिअर खर्च मी भरायचा म्हणतायत. पुन्हा 1915 लावलाय.