पालिकेच्या शाळांची तुलना: 'नो युवर स्कूल' कितपत कामाचं?

युडायस प्लस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. तिचं 'नो युवर स्कूल' हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ फुकट आहे. पटसंख्या, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, संगणक असं सगळं प्रत्येक शाळेच्या माहिती-कार्डावर मिळतं. आकडे वाचायचे कसे हे मात्र तिथे कुणी सांगत नाही, आणि मुंबईत नेमकं तिथेच फसायला होतं.

आपल्या पिनकोडच्या यादीत एकाच पत्त्यावर दोन-तीन शाळा दिसल्या तर ती चूक समजू नका. पालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाच्या वेगवेगळ्या शाळा भरतात, कुठे कुठे सकाळ-दुपार सत्रांत. नावं जवळपास सारखीच, पण प्रत्येकीचा ११ अंकी युडायस क्रमांक वेगळा. तुलना त्या क्रमांकावरूनच करा आणि दोन्ही कार्डांवरचं शैक्षणिक वर्ष एकच आहे ना, तेही बघा. माहिती शाळाच भरते, त्यामुळे 'ग्रंथालय: आहे' म्हणजे कुलूपबंद कपाटही असू शकतं.

सगळ्यात दिशाभूल करणारा आकडा म्हणजे शिक्षकामागे विद्यार्थी. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला ३५ मागे एक. आता पट घसरलेली मराठी शाळा घ्या: पाच वर्गांत मिळून ५५ मुलं, शिक्षक २. प्रमाण साडेसत्तावीस, कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या! कारण ६० मुलांपर्यंत कायदाच दोन शिक्षक देतो. म्हणून प्रमाणाआधी शिक्षक भागिले इयत्ता हे गणित करा. उत्तर १ पेक्षा कमी आलं तर वर्ग एकत्र बसतात का, हे शाळेत जाऊन विचारा. बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला किती शिक्षक जातात, तेही.

मुलांना वाचता येतं का, हे कार्डावरून कळत नाही. मग पालक दहावीच्या निकालाकडे वळतात. पण पालिकेच्या बऱ्याच प्राथमिक शाळा सातवी-आठवीलाच संपतात. तो निकाल वेगळ्या माध्यमिक शाळेचा असतो. शिवाय १२ मुलांच्या वर्गात एक नापास झाला की निकाल ८.३ टक्क्यांनी खाली येतो, १२० च्या तुकड्यांत एक टक्कासुद्धा नाही. लहान शाळांचे तीन वर्षांचे निकाल एकत्र करून मगच बोला.

आणि १०० टक्के निकालाचा फलक दिसला, तर कार्डावरचा आदल्या वर्षीचा नववीचा पट आणि दहावीला बसलेल्यांची संख्या शेजारी मांडा. नववीत ६०, परीक्षेला ४४, तर बाकीचे १६ कुठे गेले? काही गावी, काही दुसऱ्या शाळेत. काहींना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावलेला असतो, म्हणजे ते खासगी विद्यार्थी म्हणून बसतात आणि शाळेच्या टक्केवारीत धरलेच जात नाहीत.